लाथ आणि नमस्कार

अण्णा,

परवा तुम्हाला नेण्याआधी सगळ्यांनी तुमच्या पावलांवर डोकं टेकलं, तसं मीही टेकलं. पण माझा नमस्कार निर्मळ नव्हता. वाकल्यावर माझा हात आपोआप तुमच्या उजव्या टाचेमागे गेला आणि अंगठ्यानं ती गाठ चाचपली. गाठ होती तशीच होती, जाड आणि कडक, पोत्याच्या तोंडाला सुतळी आवळावी तशी. मागे रांगेत उभे असलेले लोक खोळंबले असतील. कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला उठवलं. त्यांना वाटलं, दुःखानं उठवत नाही. मला मात्र त्या क्षणी दुःखापेक्षा समाधानच जास्त झालं होतं, हे तुमच्याखेरीज कुणाला सांगू? शिवलेलं शेवटपर्यंत टिकलं, एवढंच मनात आलं.

तुम्हाला आठवत असेल, त्या रविवारी सकाळी आपलं आधी भांडण झालं होतं. क्वार्टर्सच्या मागच्या मैदानावर आपला बॉल बॅडमिंटनचा कोर्ट होता. पाणी मारून, रूळ फिरवून, चुन्याच्या रेघा ओढून तो तुम्हीच तयार करायचात, म्हणून पाच जणांत कुणी कुठं उभं राहायचं हेही तुम्हीच ठरवायचात. मला पुढं खेळायचं होतं. तुम्ही म्हणालात, "सदू, तू मागंच बरा. पुढं आलास की तुझं डोस्कं तापतंय." सगळे हसले. मी बेंगळूरला येऊन वर्षं झाली होती, तरी इथल्या मंडळींत मी सांगलीहून आलेला नवा माणूसच होतो. तुम्ही निपाणीचे, एका वाक्यात मराठी आणि कन्नड दोन्ही नांदवणारे, सगळ्यांचे अण्णा. त्या हसण्यानं मला फार लागलं. मागच्या रेघेवर उभा राहून मी तुमच्या पाठीकडे बघत होतो आणि मनात तुम्हाला नको ते बोलत होतो.

तेवढ्यात समोरून तो लोकरीचा पिवळा चेंडू जाळीजवळ टपकन पडायला आला. तुम्ही मधल्या जागेवरून पुढं झेपावण्यासाठी उजव्या चवड्यावर जोर दिलात आणि फट्‌ असा आवाज झाला. रॅकेटची तार तुटावी तसा, पण त्याहून भरीव. तुम्ही बसलात. मग मान वळवून मागं पाहिलंत आणि म्हणालात, "का रे, लाथ का मारलास?"

मला आठवतं ते एवढंच की मी धावत होतो. तुमच्याजवळ पोचलो, वाकलो, तुमच्या पायाला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि म्हणालो, "चुकलं, अण्णा."

आता याला काय म्हणायचं? चुकून कुणाला पाय लागला की लगेच हात लावून नमस्कार करायचा, हे आईनं लहानपणीच अंगात भिनवलेलं. त्यात विचार नसतोच. वडीलधाऱ्या माणसानं म्हटलं की पाय लागला, तर पाय लागला. माझा हात माझ्या आधी खाली गेला. पण मैदानावरच्या बाकीच्या आठ जणांनी आवाज ऐकला होता, तुमचा प्रश्न ऐकला होता आणि माझा नमस्कार पाहिला होता. सकाळचं भांडणही त्यांना ठाऊक होतं. आणखी कुठला पुरावा हवा होता? समोरच्या बाजूचा मधला गडी जाळीखालून आला आणि मला म्हणाला, "खेळात एवढा राग बरा नव्हे, सार."

त्या दिवसापासून मला स्वच्छ आठवायला लागलं की माझ्या बुटाचं टोक कशावर तरी आपटलं होतं.

घरी नेताना तुम्ही माझ्याच खांद्यावर भार टाकलात. फार दुखतही नव्हतं तुम्हाला. पाऊल सपाट टाकत, जरा फेंगडं, तुम्ही चालत होता. म्हणून सगळ्यांनी ठरवलं, मुरगळलाय. वहिनींनी, म्हणजे सगळ्यांच्या अक्कांनी, आंबेहळद उगाळून लेप घातला. आणि मी रोज संध्याकाळी कारखान्यातून सुटलो की तिळाचं तेल कोमट करून तुमचा पाय चोळायला बसायचो. तुम्ही म्हणायचात, "पुरे रे, कातडं निघंल." मला पुरे वाटायचं नाही. चोळताना टाचेच्या जरा वर माझा अंगठा आत जायचा. दुसऱ्या पायाला तिथं ताठ दोरी लागायची आणि इथं मऊ खळगा. मला वाटायचं, हाच माझ्या लाथेचा वळ. मी त्यावर आणखी तेल ओतायचो. मी इंजिनीअर माणूस, कारखान्यात एका सुताच्या फरकावरून काम परत पाठवणारा. पण तुमच्या पायात एक अख्खी दोरी जागेवर नाही हे माझ्या अंगठ्याला कळूनही मला कळलं नाही.

कळलं ते अक्कांना, आणि पायावरून नव्हे, फुलांवरून. तुमच्या अंगणातल्या संपिगेच्या झाडाची फुलं तुम्ही रोज सकाळी देवाला काढायचात. आम्ही सोनचाफा म्हणतो त्याला, पण तुमच्या घरात तो संपिगेच होता. चवड्यांवर उभं राहून, वरची फांदी ओढून, पानांआडची ताजी फुलं तुम्ही अचूक खुडायचात. एके दिवशी अक्का परडी घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हे बघा भावजी. पंधरवडा झाला, हे खालचीच फुलं आणतात. कोमेजलेली. वरची का आणत नाहीत विचारा."

"वरची पक्ष्यांना ठेवतोय," तुम्ही म्हणालात.

"मग एक काढून दाखवा."

तुम्ही झाडाखाली गेलात. डावी टाच उचलली गेली. उजवी जमिनीलाच चिकटून राहिली. तुम्ही पुन्हा जोर केलात. तुमच्या चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. आपलाच पाय आपली हाक ऐकत नाही याचं. अक्कांनी परडी खाली ठेवली. "सरी, बरं," त्या म्हणाल्या, "आता लेप बास. डॉक्टरकडे चला."

हाडांचे डॉक्टर वयानं लहान होते. त्यांनी तुम्हाला टेबलावर पालथं झोपवलं, पावलं काठाबाहेर लोंबती ठेवली. डाव्या पायाची पोटरी मुठीत धरून दाबली, तसं डावं पाऊल खाली झुकलं. उजवी दाबली. पाऊल हललंच नाही. पुन्हा दाबली. विहिरीचा दोर तुटल्यावर रहाट नुसताच फिरावा, तसं ते दृश्य होतं.

डॉक्टर म्हणाले, "पोटरीला टाचेशी बांधणारी दोरी तुटलीय. शरीरातली सगळ्यांत जाड दोरी ही." मग ते हसले. "कुणी मागून लाथ मारली असं वाटलं का?"

तुम्ही पालथ्या पडल्या पडल्या माझ्याकडे बोट केलंत. "ह्यानंच."

"मी मारली, डॉक्टर," मी म्हणालो.

"कुणी मारत नाही हो. ही दोरी तुटली की प्रत्येकाला असंच वाटतं. माझ्याकडे येणारा जो तो विचारतो, मला मागून कुणी मारलं. एक गृहस्थ तर भिंतीला पाठ लावून उभे होते, तरी मागे वळून बघत होते."

"तसं नव्हे डॉक्टर," तुम्ही मान वर करून म्हणालात, "यानं नमस्कारबी केला."

डॉक्टर किती हसले. तुम्हीही हसलात, टेबल हलेपर्यंत. माझ्याखेरीज सगळे हसले. तुमच्या लेखी तो विषय त्या टेबलावरच संपला. माझ्या लेखी संपला नाही. डॉक्टर तिथं मैदानावर नव्हते, एवढंच मला वाटत राहिलं.

उशीर झाल्यामुळे तुटलेली टोकं दूर सरकली होती. ती ओढून शिवावी लागली. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर, आणि पाऊल खाली वळवलेलं, नाचणाऱ्या बाईसारखं टोकदार. तुम्ही खाटेवर आणि मी शेजारच्या स्टुलावर, असा तो काळ गेला. प्लास्टरच्या आत खाज सुटली की अक्कांची विणायची सुई आत घालून मी खाजवायचो. तुम्ही डोळे मिटून दिशा द्यायचात, "स्वल्प खाली. अजून. हां, तिथं रे." माझी बायको कुसुम म्हणायची, "तुम्ही इकडे जेवायला तरी येणार आहात का, की अण्णांच्या प्लास्टरमध्येच राहणार?" पण तीही रोज एक वाटी काहीतरी झाकून माझ्या हाती द्यायचीच.

प्लास्टर निघालं तेव्हा तुमची पोटरी माझ्या मनगटासारखी झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, टाच एकदम जमिनीला टेकवायची नाही. शिवलेली दोरी कोवळी असताना ताणली गेली तर ती लांब होऊन बसते आणि मग चवड्यात कधीच जोर येत नाही. म्हणून उजव्या बुटात टाचेखाली उंची द्यायची आणि ती हळूहळू उतरवायची. हे काम माझं होतं. कारखान्यात मी लाकडी साचे करायच्या विभागात होतो. चिकपेटेच्या बाजारातून बूच आणून त्याचे पातळ थर कापले, टाचेच्या आकाराला घासले, एकावर एक बसवले. तुम्ही तो बूट घालून अंगणात आलात तेव्हा शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तुम्ही ऐटीत म्हणालात, "हसू नका. मडमांचा बूट आहे. एकच आलाय, दुसरा बोटीवर आहे."

आणि मग आपलं दुसरं भांडण झालं. ते मात्र खरं.

निपाणीला तुमच्या भाचीचं लग्न होतं. मडमांचा बूट घालून तुम्हाला मांडवात जायचं नव्हतं. एका संध्याकाळी तुम्ही फाटकापाशी आलात आणि तुमची चाल बघूनच मला कळलं, टाच खाली आलीय. बूट काढून बघितला. दोन थर एकदम उपटलेले. मी जे बोललो ते एखाद्या शिकाऊ कामगारालाही बोललो नसतो. अक्कांच्या देखत बोललो. तुम्हाला स्वतःच्या पायाची किंमत नाही, इतक्या जणांचे कष्ट मातीत घालता, असं बरंच काही. तुम्ही ऐकून घेतलंत. मग शांतपणे म्हणालात, "सदू, तू माझा पाय बघतोस का तुझं पाप?"

मी उठून आलो. पुढचे काही दिवस तुमच्याकडे फिरकलो नाही. संध्याकाळी कारखान्यातून सुटल्यावर पाय तुमच्या फाटकाकडे वळायचे, त्यांना ओढून घरी आणायचो. वाईट याचं वाटत होतं की तुम्ही बरोबर होता. तुमचा पाय बरा व्हावा हे मला हवंच होतं. पण तो बरा झाला की मी सुटेन, हेही हवं होतं, आणि दुसरं जरा जास्तच.

मग एके दिवशी सकाळी दारावर काठीची टकटक झाली. कुसुमनं दार उघडलं. तुम्ही उभे होता, एका हातात काठी, दुसऱ्या हातात बुचाचे दोन थर. "सदू आहे का?" तुम्ही विचारलंत, आणि मी पुढं आल्यावर ते थर माझ्यापुढं धरलेत. "सरी. चिकटव."

मी ते खाली बसून चिकटवले. तुम्ही आमच्या ओट्यावर बसून कॉफी प्यालात. भाचीच्या लग्नाला तुम्ही मडमांचाच बूट घालून गेलात, आणि परत येऊन सांगितलंत की वरमाईनं विचारलं, दुसऱ्या पायाला असा कुठं मिळेल.

पुढचे महिने स्वयंपाकघराच्या मागच्या दगडी पायरीवर गेले. खिडकीचा गज धरायचा, दोन्ही चवड्यांवर उठायचं आणि भार हळूहळू उजव्या पायावर घेत खाली यायचं. मी मागे उभा राहायचो, तुम्ही पडलात तर धरायला. तुम्ही मान न वळवता म्हणायचात, "मागं उभारू नकोस रे. पुन्हा लाथ मारशील." पहिल्यांदा तुम्ही हे म्हणालात तेव्हा मी दोन पावलं मागं सरलो. मग तुम्ही रोजच म्हणायला लागलात. आतून अक्का म्हणायच्या, "ह्यांचं झालं सुरू." उजवा पाय थरथरायचा, टाच नखभर उचलली जायची, पुन्हा खाली. घाम यायचा. देवाची फुलं त्या काळात मी काढत होतो. तुमच्यापेक्षा मी उंच, मला चवडे उचलावेही लागायचे नाहीत. पण अक्का परडीत बघून म्हणायच्या, "बरी आहेत." तुमच्या फुलांना त्या 'छान' म्हणायच्या.

असाच एकदा सकाळी मी आलो, तर परडी भरलेली. झाडाची वरची फांदी अजून हलत होती. तुम्ही पायरीवर बसून दोन्ही पाय धूत होता, जणू काही घडलंच नाही. मी झाडाकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं.

"दोन्ही पायांवर?" मी विचारलं.

"उजव्यावर. डावा नुसता सोबतीला."

"अण्णा, मला बोलवायचं तरी."

"कशाला? मागं उभारायला?"

तुम्ही हसलात आणि बाजूला सरकून पायरीवर मला जागा केलीत. आतून अक्कांची घंटा ऐकू येत होती. माझ्या आयुष्यात त्याहून बऱ्या सकाळी फार झाल्या नसतील. तरी एक सांगतो, जरा रिकामंही वाटलं. आता रोज यायला निमित्त काय? तुम्हाला ते कळलं असावं, कारण मी उठताना तुम्ही म्हणालात, "उद्या स्वल्प लवकर ये. कोर्टला पाणी मारायचंय."

तुम्ही पुन्हा खेळलात, पूर्वीसारखे झेपावला नाहीत तरी. आणि मला पुढं उभं केलंत. "तू डोळ्यांपुढं बरा," म्हणालात. मग जिथं जाल तिथं तुम्ही माझी ओळख करून द्यायला लागलात, "हा आमचा सदू. यानं मला लाथ मारली, आणि वर नमस्कार केला." बारशात, लग्नात, कारखान्याच्या समारंभात, खांद्यावर हात टाकून. ज्यांनी त्या रविवारी कुजबुज केली होती, तेही तुमच्या तोंडून ते ऐकून हसायला लागले आणि कुजबुज विरली. तुम्ही मुद्दाम तसं केलंत का? मी कधी विचारलं नाही. मी उलट वैतागून म्हणायचो, "अण्णा, डॉक्टरांनी सांगितलंय की लाथ नव्हती." तुम्ही म्हणायचात, "मग नमस्कार कशाचा?" उत्तर असं होतं की लाथ माझ्या मनात होती, अण्णा. तुम्ही मला मागं उभं केलंत म्हणून मी चिडलो होतो. तुम्ही मागं वळून विचारलंत आणि मला वाटलं, तुम्हाला दिसली. हे एवढं वाक्य मी इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसून बोललो नाही.

आणखी एक विचारायचं राहिलं. तुम्ही मागं वळलात तेव्हा मी कुठं होतो? मला आठवत नव्हतं. आठ जण चेंडूकडे बघत होते. मागं बघितलं होतं ते फक्त तुम्ही. उत्तराची भीती वाटून मी विचारलं नाही. आता विचारायला तुम्ही नाही.

म्हणून काल अक्कांना विचारलं. माणसांची वर्दळ कमी झाली होती, त्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या. मी म्हणालो, "अक्का, त्या दिवशी अण्णा काही बोलले होते का? मी किती जवळ होतो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आजारी मुलाकडे बघावं तसं. "तुम्ही अजून तिथंच आहात का, भावजी?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"त्याच दिवशी बोलले. पाय वर ठेवून बसले होते. म्हणाले, सदू पार मागच्या रेघेवर होता. धावत आला बिचारा. मग मला मारलं कुणी, कळत नाही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं की सांगा म्हणून. तर म्हणाले, सगळ्यांदेखत तो वाकला. आता लाथ नव्हतीच म्हटलं तर त्याचं हसं होईल. राहू दे थोडे दिवस. मग डॉक्टरांनीच सांगितलं की. आम्हाला वाटलं, संपलं." त्यांनी पदर सावरला. "आणि तुम्ही रोज यायला लागला होता. ह्यांना ते बरं वाटत होतं. दुसरं काय."

अण्णा, मला राग यायला हवा होता. जरासा आलाही. इतकी वर्षं मी एक पाप सांभाळत होतो आणि ते माझं नव्हतंच. पण घरी येताना हिशेब काही वेगळाच लागत गेला. ती लाथ मी मारलेली नाही असं मला तेव्हाच कळलं असतं, तर मी दोन दिवस विचारपूस करून मोकळा झालो असतो. तेल नाही, सुई नाही, बूच नाही, पायरी नाही. आपण एकमेकांना लांबून हात करणारे शेजारी राहिलो असतो. मला मोठा भाऊ नव्हता. तो मला एका न मारलेल्या लाथेनं मिळाला, आणि तुम्ही ती लाथ जपून ठेवलीत. मी ओझं म्हणून वागवलं ते तुम्ही घरात जागा म्हणून दिलं होतंत.

मनातली लाथ मात्र माझीच. ती तेवढी आज इथं ठेवतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "ती मला लागली नाही बघ."

आज सकाळी अक्कांनी परडी माझ्या हातात दिली. तुम्ही इतकी वर्षं खुडून खुडून झाड उंच केलंत. खालच्या फांद्या रिकाम्या आहेत, आणि आता मलाही चवडे उचलावे लागतात. पोटरी ताणली गेली, टाचेमागे जरा कळ आली. वय झालं. मी गजासारखं खोड धरलं आणि सावकाश उठलो, तुम्ही शिकला होता तसा. फांदी हाताशी आली. मागून तुम्ही काहीतरी बोलाल असं वाटून मी क्षणभर थांबलो, पण मान वळवली नाही.

परडी आत नेऊन दिली. अक्कांनी फुलं हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "छान आहेत."

तुमचा,
सदू